मायक्रोवेव्ह, टेराहर्ट्झ लहरी, प्रथिनं आणि त्यांच्याभोवतीचं पाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यार्थी, प्रयोगशाळेत नव्याने रुजू झालेले संशोधक आणि निव्वळ कुतूहलापोटी लिहिणारे वाचक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवात सोप्या प्रश्नांनी आहे, पुढे अपवाद आणि गुंतागुंत. मधलंच एखादं उत्तर सुटं वाचलं तरी अडचण येऊ नये; एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रेडिएशन म्हणजे किरणोत्सर्गच ना? मग मायक्रोवेव्ह आणि क्ष-किरण यांत फरक काय?

अर्धा गोंधळ या शब्दानेच केला आहे. किरणोत्सर्ग हा शब्द युरेनियम, रेडियमसारख्या पदार्थांतून बाहेर पडणाऱ्या किरणांसाठी रुळला. मोबाइल, मायक्रोवेव्ह, रडार यांच्या लहरींसाठी 'प्रारण' हा शब्द योग्य, पण वर्तमानपत्रांत दोन्हींना सर्रास किरणोत्सर्ग म्हणतात आणि तिथून भीतीही एकाच मापाने वाटली जाते.

या पानावर 'उच्च वारंवारता' म्हणजे साधारण ३०० मेगाहर्ट्झ ते १० टेराहर्ट्झ हा पट्टा धरला आहे. त्यात मायक्रोवेव्ह, मिलिमीटर लहरी आणि टेराहर्ट्झ लहरी येतात. १ टेराहर्ट्झची तरंगलांबी ०.३ मिलिमीटर. अतिनील, क्ष आणि गॅमा किरण या पट्ट्याच्या खूप वर आहेत आणि त्यांचं वागणं मुळातच वेगळं आहे (प्रश्न १६).

२. मायक्रोवेव्हमुळे प्रथिनातले बंध तुटतात का?

लहरीच्या थेट धक्क्याने नाही. २.४५ गिगाहर्ट्झच्या एका फोटॉनची, म्हणजे लहरीच्या ऊर्जेच्या एका पुडीची, ऊर्जा सुमारे ०.००००१ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. २५ अंश सेल्सिअसला रेणूंच्या नुसत्या धडपडीतली ऊर्जा ०.०२५७ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे त्या फोटॉनच्या अडीच हजार पट. पाण्यातला एक हायड्रोजन बंध साधारण ०.२ इलेक्ट्रॉनव्होल्टचा, कार्बन-कार्बन सहसंयुज बंध ३.६ च्या आसपास. टेराहर्ट्झ पट्ट्यात गेलात तरी १ टेराहर्ट्झचा फोटॉन ०.००४ इलेक्ट्रॉनव्होल्टवरच थांबतो.

'एक फोटॉन नाही पुरत, पण वीस हजार एकत्र आले तर?' असं लगेच विचारलं जातं. ते एकाच बंधावर साठत नाहीत. पाण्यात शोषलेली ऊर्जा काही पिकोसेकंदांत (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाखकोटीवा भाग) शेजारच्या रेणूंत वाटली जाते. तिथून पुढे तिला उष्णता म्हणतात.

पण म्हणून प्रथिन सुरक्षित असतं असंही नाही. प्रथिनाची घडी सहसंयुज बंधांवर कमी आणि शेकडो कमकुवत ओढाताणींच्या बेरीज-वजाबाकीवर जास्त टिकते. उघड्या आणि घडी घातलेल्या अवस्थेतला निव्वळ फरक बहुतेक लहान प्रथिनांत २० ते ६० किलोजूल प्रति मोल इतकाच, म्हणजे एक ते तीन हायड्रोजन बंधांएवढा. ही तोलून धरलेली घडी आहे. तिला मोडायला बंध तोडावे लागत नाहीत, तापमान वाढलं की पुरतं.

३. मग लहरीची ऊर्जा शोषतं कोण, प्रथिन की पाणी?

पाणी. जवळजवळ सगळी.

पाण्याचा रेणू द्विध्रुवी असतो: एक टोक किंचित धन, दुसरं किंचित ऋण. बदलत्या विद्युतक्षेत्रात तो वळू पाहतो, पण शेजाऱ्यांशी हायड्रोजन बंधांनी जखडलेला असल्याने मागे पडतो. हे मागे पडणं म्हणजेच ऊर्जेचं शोषण. २५ अंशांना पाण्याचा शिथिलन काल (रेणूंना नव्या दिशेशी जुळवून घ्यायला लागणारा वेळ) ८.३ पिकोसेकंद आहे, म्हणून शोषणाचा माथा १९ गिगाहर्ट्झच्या जवळ येतो. हा माथा टोकदार नसून पसरट असतो. २.४५ गिगाहर्ट्झला पाण्याचा 'अनुनाद' होतो ही समजूत फार चिवट आहे, पण चुकीची. तिथे पाण्याचं शोषण माथ्याच्या साधारण चौथा हिस्साच असतं. घरगुती ओव्हनसाठी ती वारंवारता निवडली गेली कारण तो पट्टा उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांच्यासाठी राखून ठेवला आहे. शिवाय शोषण कमी म्हणून लहर आत शिरते: शुद्ध पाण्यात सुमारे १.९ सेंटिमीटरवर तिची शक्ती ३७ टक्क्यांवर येते. १९ गिगाहर्ट्झला ती पृष्ठभागाशीच संपली असती.

आता प्रथिन. लायसोझाइमसारख्या लहान प्रथिनालाही पाण्यात एक गिरकी घ्यायला काही नॅनोसेकंद लागतात, आणि २.४५ गिगाहर्ट्झच्या क्षेत्राचा एक फेरा ०.४१ नॅनोसेकंदात पुरा होतो. अख्खं प्रथिन त्या तालावर नाचू शकत नाही. प्रथिनांच्या गिरकीचं शोषण खाली, काही मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात दिसतं.

४. प्रथिनाभोवतीचं पाणी वेगळं असतं म्हणजे नेमकं काय?

प्रथिनाच्या पृष्ठभागाला लागून असलेल्या थराला जलकवच म्हणतात. त्याचं प्रमाण साधारण १ ग्रॅम प्रथिनामागे ०.३ ते ०.४ ग्रॅम पाणी. लायसोझाइमचं वजन १४.३ किलोडाल्टन धरलं तर एका रेणूभोवती सुमारे २८० पाण्याचे रेणू होतात.

'बांधलेलं पाणी' या शब्दामुळे ते बर्फासारखं गोठलेलं असावं असं वाटतं. तसं नाही. या थरातले बहुतेक रेणू मोकळ्या पाण्यापेक्षा सरासरी दोन-तीन पट मंद असतात, इतकंच. आणि तेही जागा बदलत राहतात. मोजके रेणू प्रथिनाच्या आतल्या खोबणीत अडकतात, ते मात्र नॅनोसेकंदांपासून मायक्रोसेकंदांपर्यंत मुक्काम करतात. या मंदपणामुळे प्रथिनाच्या द्रावणाच्या वर्णपटात दोन माथ्यांच्या मध्ये एक फिकट उंचवटा येतो: खाली प्रथिनाची गिरकी, वर मोकळं पाणी, आणि साधारण १०० मेगाहर्ट्झ ते काही गिगाहर्ट्झ या भागात जलकवचाची सही.

हे कवच किती जाड, यावर वाद आहे आणि तो साधनाचा आहे. एनएमआरने (अणुकेंद्रांच्या चुंबकीय अनुनादाने) पाहिलं तर परिणाम जवळपास पहिल्या थरातच, म्हणजे ३ अँगस्ट्रॉमच्या (०.३ नॅनोमीटरच्या) आसपास संपतो. जर्मनीतल्या बोखुमच्या गटाने २००७ मध्ये टेराहर्ट्झ शोषण मोजलं तेव्हा प्रभाव किमान १० अँगस्ट्रॉमपर्यंत दिसला. एनएमआर एकेका रेणूची गिरकी पाहतं आणि टेराहर्ट्झ अनेक रेणूंची सामूहिक थरथर, म्हणून दोन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर असू शकतात. 'कवच इतकं जाड' असं वाक्य वाचलं की आधी 'कशाने मोजलं?' हे विचारावं.

५. जलकवच मंद असेल तर योग्य वारंवारता निवडून फक्त तेच तापवता येईल ना?

कल्पना सुरेख आहे. उष्णतेच्या वहनात ती मरते.

पाण्याचा उष्णता-विसरण गुणांक सुमारे ०.००१४ चौरस सेंटिमीटर प्रति सेकंद. या हिशेबाने १ नॅनोमीटर अंतरात उष्णता पसरायला ७ पिकोसेकंदांच्या आसपास लागतात, ५ नॅनोमीटरला पावणेदोनशे. १ गिगाहर्ट्झ लहरीचा एकच फेरा १००० पिकोसेकंदांचा. म्हणजे क्षेत्राची एक उडी पूर्ण होण्याआधीच कवचातली जादा उष्णता आसपासच्या पाण्यात विरून गेलेली असते. सतत चालणाऱ्या मायक्रोवेव्हमध्ये कवच आणि बाकीचं पाणी यांच्यात मोजण्याजोगा तापमानफरक टिकवता येत नाही. पिकोसेकंदाच्या आतल्या तीव्र लेझर-स्पंदांनी क्षणिक असमतोल घडवता येतो, पण तो वेगळा खेळ आहे. त्यात आधी अवरक्त लहरीने अमाइड कंपनं (प्रथिनाच्या साखळीतल्या जोडांची थरथर), साधारण ५० टेराहर्ट्झला, उचलतात.

६. प्रथिन किती तापमानाला बिघडतं? एक-दोन अंशांनी काय फरक पडतो?

प्रत्येक प्रथिनाचा स्वतःचा वितळणबिंदू असतो, आणि तो आम्लता, क्षार, तापवण्याचा वेग यांवर सरकतो. अंड्याच्या पांढऱ्यातली तीन प्रथिनं पाहा: ओव्होट्रान्सफेरिन ६१ अंशांच्या आसपास उलगडतं, लायसोझाइम ७५ च्या, ओव्हाल्ब्युमिन ८४ च्या. एकाच द्रवात, एकाच भांड्यात २३ अंशांचं अंतर.

एक-दोन अंशांचा फरक मात्र लोक फार हलका घेतात. घडी मोडण्याची सक्रियण ऊर्जा, म्हणजे मोडण्याआधी ओलांडावा लागणारा ऊर्जेचा चढ, मोठी असते. ३०० किलोजूल प्रति मोल ही अगदी नेहमीची किंमत. ती धरून ५७ अंशांजवळ हिशेब केला तर एका अंशाने वेग सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो, दोन अंशांनी जवळजवळ दुप्पट होतो. 'मायक्रोवेव्हमध्ये प्रथिन दीडपट लवकर बिघडलं' असा निष्कर्ष ज्या प्रयोगातून निघतो, त्यात तापमान मोजण्यातली चूक सव्वा अंशाची असली तरी सगळ्याचा खुलासा होतो.

७. वॉटरबाथमध्ये ६० अंशांना काही होत नाही, मायक्रोवेव्हमध्ये ६० अंशांनाच गढूळ होतं. हा लहरीचा खास परिणाम नाही का?

सर्वात जास्त येणारा प्रश्न हाच. उत्तर जवळजवळ नेहमी एकच: ते ६० अंश नव्हते. निदान सगळीकडे नव्हते.

पाण्यात २.४५ गिगाहर्ट्झ लहरीची लांबी १.४ सेंटिमीटर होते, त्यामुळे उभ्या लहरींचे गरम आणि थंड पट्टे साधारण ७ मिलिमीटरवर पडतात. तुमची दीड मिलिलिटरची ट्यूब सेंटिमीटरभर रुंद आहे. तिच्या मध्यावर ६० दाखवणारा मापक काठाशी ६८ असेल तर सांगणार नाही. आणि गुठळी एका जागी झाली तरी ट्यूब हलवल्यावर सगळंच दुधाळ दिसतं. एकदा झालेली गुठळी थंड केल्याने विरघळत नाही.

दुसरं कारण वेग. १ मिलिलिटर पाण्यात २० वॉट जरी शिरले तरी तापमान सेकंदाला ४.८ अंशांनी चढतं. अशा चढावर मापक एक सेकंद मागे असेल तर पाच अंशांची चूक आधीच झाली. घरगुती ओव्हन तर '३० टक्के शक्ती' म्हटल्यावर बहुधा पूर्ण शक्तीने काही सेकंद चालतो आणि मग थांबतो. सरासरी शांत दिसते, आत मात्र करवतीसारखे दाते. घरगुती ओव्हनवर केलेला कुठलाही प्रथिन-प्रयोग पुरावा म्हणून धरू नये, हे स्पष्ट लिहून ठेवतो.

८. आत तापमान मोजायचं तरी कशाने?

थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा तापमापक) नको. धातूची तार अँटेनासारखी वागते: स्वतः तापते, क्षेत्र वाकवते आणि टोकाशी गरम ठिपका तयार करते. लहर बंद करून लगेच थर्मोकपल बुडवण्याची युक्तीही फसवी, कारण तोवर पट्टे एकमेकांत मिसळलेले असतात. अवरक्त बंदूक फक्त पृष्ठभाग किंवा ट्यूबची भिंत वाचते.

योग्य साधन म्हणजे फायबर-ऑप्टिक मापक, ज्याच्या टोकाला गॅलियम आर्सेनाइडचा स्फटिक किंवा प्रकाशमान फॉस्फर असतो. एकाच वेळी किमान दोन खोलींवर लावा, दर सेकंदाला नोंद घ्या आणि प्रयोगाआधी व नंतर प्रमाणित तापमापकाशी ०.१ अंशापर्यंत पडताळा. फायबर परवडत नसेल तर ऱ्होडामाइन-बी हे रंगद्रव्य कामी येतं: त्याची चमक अंशामागे दीड-दोन टक्क्यांनी घटते. मात्र ते वेगळ्या, प्रथिनरहित ट्यूबमध्ये वापरा. काही रंगद्रव्यं प्रथिनाला चिकटतात आणि मग चमक तापमानाची राहत नाही.

९. बफर बदलला की निकाल बदलतो. असं का?

बफर म्हणजे आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण, आणि फरक पडतो तो त्यातल्या क्षारामुळे. आयन, म्हणजे क्षाराचे विद्युतभारित कण, क्षेत्राबरोबर पुढे-मागे धावतात आणि त्या घर्षणातून वेगळी उष्णता निघते. फॉस्फेट बफर्ड सलाइनची वाहकता २५ अंशांना सुमारे १.६ सिमेन्स प्रति मीटर. २.४५ गिगाहर्ट्झला शुद्ध पाण्याचा शोषण-गुणांक ९ च्या आसपास असतो, सलाइनमधले आयन त्यात साधारण १२ ची भर घालतात. म्हणजे तापण्याचा वेग दुपटीहून जास्त. ९०० मेगाहर्ट्झला तर आयनांचा वाटा ३२ आणि पाण्याचा साडेतीनच्या आसपास. तिथे तापतं ते मुख्यतः मीठ. २० गिगाहर्ट्झला हिशेब उलटतो आणि आयन नगण्य ठरतात.

आणखी एक सापळा: गरम होताना शुद्ध पाण्याचं शोषण घटतं, पण आयनांची वाहकता अंशामागे सुमारे २ टक्क्यांनी वाढते. शुद्ध पाणी स्वतःला आवरतं; खारं द्रावण जिथे गरम झालं तिथे आणखी गरम होतं.

ट्रिस बफर वापरत असाल तर त्याचा पीएच अंशामागे ०.०२८ ने उतरतो. २५ वरून ६० अंशांवर गेलात की जवळजवळ एक पूर्ण एकक खाली. फॉस्फेटमध्ये हा उतार दहापट कमी. ट्रिसमध्ये केलेला प्रयोग लहरीचा नसून आम्लतेचाच असण्याची शक्यता आधी तपासा.

१०. परीक्षकाला पटेल असा कंट्रोल (तुलनेचा नमुना) कसा ठेवायचा?

पायऱ्या अशा:

१. प्रथिन फॉस्फेट बफरमध्ये विरघळवा, ०.२२ मायक्रोमीटर गाळणीतून गाळा, विरलेली हवा काढा. बुडबुड्यांच्या पृष्ठभागावरही प्रथिनं उलगडतात.
२. आकारमान आणि भांडं सगळीकडे एकच. ट्यूबचं वजन आधी-नंतर ०.१ मिलिग्रॅमपर्यंत घ्या, म्हणजे बाष्पीभवनाने वाढलेली तीव्रता कळते.
३. लहरीखालचा तापमान-काल आलेख नोंदवा (प्रश्न ८) आणि तोच आलेख पीसीआरच्या थर्मल सायक्लरवर चढ-उतारासकट परत वाजवा. ठरावीक तापमानाचा वॉटरबाथ हा बरोबरीचा कंट्रोल नव्हे.
४. शॅम नमुना त्याच जागी ठेवा: पंखा, थंड पाण्याचा प्रवाह, ढवळणी सगळं चालू, फक्त जनरेटर बंद.
५. नमुन्यांना सांकेतिक क्रमांक द्या. मोजणाऱ्याला कुठला कोणता ते कळू देऊ नका. किमान तीन वेगवेगळ्या वेळी बनवलेल्या द्रावणांवर सगळं पुन्हा करा.
६. मोजणी एकाच पद्धतीने नको. घडीसाठी २२२ नॅनोमीटरवर सर्क्युलर डायक्रोइझम, ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाची ३३० ते ३५० नॅनोमीटरमधली चमक, गुठळ्यांसाठी डायनॅमिक लाइट स्कॅटरिंग, आणि एन्झाइम असेल तर त्याची क्रियाशीलता.

सातवी पायरी बहुतेक जण गाळतात, आणि खरं तर तीच निर्णायक: मुद्दाम ०.५ आणि १ अंश जास्त ठेवलेला गरम कंट्रोल. तुमचा 'लहरीचा परिणाम' या दोन नमुन्यांच्या मध्ये बसत असेल तर गोष्ट तिथेच संपते.

११. पण संगणकीय सिम्युलेशनमध्ये विद्युतक्षेत्र लावल्यावर प्रथिन उलगडताना स्पष्ट दिसतं!

दिसतं, कारण तिथे क्षेत्र अफाट असतं. नॅनोसेकंदांच्या चालीत काहीतरी घडावं म्हणून ०.१ ते १ व्होल्ट प्रति नॅनोमीटर लावतात, म्हणजे दहा कोटी ते शंभर कोटी व्होल्ट प्रति मीटर. हवेत ठिणगी पडायला तीस लाख पुरतात.

उलट बाजूने हिशेब करू. २०० डिबाय (द्विध्रुवाच्या ताकदीचं एकक) द्विध्रुव असलेल्या प्रथिनाला औष्णिक धडपडीच्या बरोबरीने वळवायचं तर सुमारे ६० लाख व्होल्ट प्रति मीटर हवेत. सलाइनच्या आत २.४५ गिगाहर्ट्झचं अवघं १००० व्होल्ट प्रति मीटर क्षेत्र असलं तरी द्रावण सेकंदाला ०.७ अंशाने तापतं, आणि तापण्याचा वेग क्षेत्राच्या वर्गाने वाढतो. ६० लाखांवर तो सेकंदाला अडीच कोटी अंश होईल. क्षेत्राने वळण्याआधी द्रावण उकळून गेलेलं असेल. सिम्युलेशन यंत्रणा समजायला उपयोगी आहे, प्रयोगातली मात्रा ठरवायला नाही.

१२. टेराहर्ट्झने प्रथिनाचं द्रावण मोजायचं आहे. नेहमीचा क्युव्हेट (द्रावण मोजायची पारदर्शक कुपी) चालेल का?

नाही. १ टेराहर्ट्झला पाण्यात लहरीची शक्ती साधारण ४५ मायक्रोमीटरवर ३७ टक्क्यांवर येते. १ मिलिमीटरच्या क्युव्हेटमधून पलीकडे अब्जांशाहूनही कमी पोहोचते. ५० ते १०० मायक्रोमीटर जाडीचा सेल घ्या. खिडक्या झेड-कट क्वार्ट्झ, उच्च रोधकतेचं सिलिकॉन किंवा पॉलिएथिलीनच्या. साधी काच टेराहर्ट्झ गिळते.

मार्गात कोरडा नायट्रोजन सोडा. हवेतल्या बाष्पाच्या रेषा ०.५५७, ०.७५२ आणि ०.९८८ टेराहर्ट्झला टोचतात आणि त्यांना प्रथिनाचे 'शिखर' समजून बसण्याची चूक आजही होते. द्रावणातल्या प्रथिनाला या पट्ट्यात टोकदार शिखरं नसतात. पसरट उतारच असतो. सेलचं तापमान ०.१ अंशाच्या आत धरा, कारण पाण्याचं शोषण स्वतःच तापमानाबरोबर सरकतं.

१३. प्रथिन घातल्यावर टेराहर्ट्झ शोषण कमी झालं. म्हणजे पाणी बांधलं गेलं का?

आधी जागेचा हिशेब करा. प्रथिनाचं आंशिक आकारमान १ ग्रॅमला सुमारे ०.७३ मिलिलिटर. १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर द्रावणात प्रथिनाने ०.७३ टक्के पाणी बाहेर ढकललेलं असतं, १०० मिलिग्रॅमला ७.३ टक्के. प्रथिन पाण्यापेक्षा खूप कमी शोषतं, म्हणून एवढी घट काहीही न घडता येणारच. या रेषेपेक्षा शोषण वर किंवा खाली गेलं तरच जलकवचाबद्दल बोलता येतं. ते वळण कमी तीव्रतेवर, कवचं एकमेकांवर चढण्याआधी शोधा. तीव्रतेचे किमान सात-आठ टप्पे हवेत. दोन बिंदूंतून वळण दिसत नाही.

१४. 'नॉन-थर्मल' (उष्णतेशिवाय होणारा) परिणाम कधीच सिद्ध झालेला नाही का?

कल्पना जुनी आहे. हर्बर्ट फ्रोलिख यांनी १९६८ मध्ये मांडलं की ऊर्जा पुरवत राहिलं तर जैविक रेणूंची कंपनं एका तालात येऊ शकतात, आणि ही कंपनं साधारण ०.१ ते १ टेराहर्ट्झच्या भागात असावीत. २०१५ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या गटाने लायसोझाइमच्या स्फटिकावर ०.४ टेराहर्ट्झ लहर टाकून क्ष-किरणांनी पाहिलं आणि एका हेलिक्समध्ये (प्रथिनाच्या मळसूत्री भागात) सूक्ष्म बदल नोंदवले. तो निष्कर्ष लक्ष देण्याजोगा आहे, पण स्फटिकातला आहे. आणि सूक्ष्म हालचाल म्हणजे बिघाड नव्हे.

दुसरं उदाहरण जास्त शिकवतं. २००० मध्ये गोलकृमींवर ७५० मेगाहर्ट्झच्या क्षीण लहरी टाकल्यावर उष्णता-आघात प्रथिनं (ताण आल्यावर पेशी बनवतात ती) वाढल्याचा शोधनिबंध 'नेचर'मध्ये आला आणि जगभर गाजला. पुढे त्याच गटाने काटेकोर मोजलं तेव्हा नमुने सुमारे ०.२ अंशाने तापत होते आणि तेवढ्यानेही परिणाम समजावता येत होता. २००६ मध्ये निबंध मागे घेतला गेला. स्वतःची चूक स्वतः शोधून काढणं सोपं नसतं. त्याचं श्रेय त्यांना द्यायला हवं.

१५. गोठवलेला नमुना किंवा कोरडी भुकटी मायक्रोवेव्हमध्ये ठेवली तर?

गोठवलेलं प्रथिन मायक्रोवेव्हमध्ये वितळवू नका. बर्फातले रेणू जागीच जखडलेले, त्यांचं शिथिलन किलोहर्ट्झच्या पट्ट्यात होतं, म्हणून २.४५ गिगाहर्ट्झला बर्फ द्रव पाण्याच्या हजारो पट कमी शोषतं. पण गोठताना क्षार आणि प्रथिन दोन्ही बर्फाच्या कणांमधल्या अरुंद, न गोठलेल्या खाऱ्या पट्ट्यांत ढकलले जातात. ऊर्जा नेमकी तिथेच जाते. बाहेर बर्फ दिसत असताना आत प्रथिन शिजत असतं.

कोरड्या भुकटीत पाणी कमी म्हणून शोषण कमी. शिवाय पाण्याविना प्रथिन उष्णतेला बरंच जास्त तग धरतं. ओलावा मात्र असमान असेल तर ओले गोळे तापतात.

१६. क्ष-किरण आणि गॅमा किरण पाण्याच्या मार्गानेच इजा करतात, मग फरक कुठे?

फरक ऊर्जेच्या एकूण मात्रेत नाही, ती किती मोठ्या नोटांत येते यात आहे. १ किलोग्रे म्हणजे किलोला १००० जूल. एवढ्याने पाणी ०.२४ अंश तापतं. मायक्रोवेव्हने इतकी ऊर्जा दिली तर प्रथिनाला पत्ताही लागणार नाही. गॅमा किरणांनी दिली तर पाण्याचे रेणू फुटतात आणि हायड्रॉक्सिल मूलकं (पाण्याच्या रेणूचे अतिक्रियाशील तुकडे) तयार होतात: जूलमागे ०.२८ मायक्रोमोल, म्हणजे १ किलोग्रेला २८० मायक्रोमोलर. १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर लायसोझाइम ७० मायक्रोमोलर भरतं. प्रत्येक प्रथिनाच्या वाट्याला चार मूलकं. नायट्रस ऑक्साइडने संपृक्त केलं तर सुटून पाण्याने वेढलेल्या (जलवेष्टित) इलेक्ट्रॉनांचीही मूलकं होतात आणि हा आकडा दुप्पट होतो.

स्फटिकशास्त्रात नमुना १०० केल्विनला गोठवतात तो मूलकांना जागच्या जागी अडवण्यासाठी. तिथे ३० मेगाग्रे ही नेहमी पाळली जाणारी मर्यादा. त्याच्या कितीतरी आधी डायसल्फाइड पूल (गंधक-गंधक बंध) तुटू लागतात, मग अस्पार्टेट आणि ग्लुटामेट या अमिनो आम्लांमधून कार्बन डायऑक्साइड निसटतो. अतिनील किरण मधले: २८० नॅनोमीटरचा फोटॉन ४.४ इलेक्ट्रॉनव्होल्टचा, पाणी त्याला जाऊ देतं आणि ट्रिप्टोफॅन स्वतः शोषतं.

१७. लहरी दिलेलं पाणी नंतरही 'संरचित' राहतं असं सांगतात. तथ्य आहे का?

पाण्यातला एक हायड्रोजन बंध साधारण पिकोसेकंदभर टिकतो. लहर बंद केल्यावर तिची आठवण ठेवायला तिथे कुणी उरत नाही. तरीही आधीच्या आणि नंतरच्या पाण्यात मोजता येणारा फरक पडू शकतो: विरलेला वायू निघून जातो, त्यातला कार्बन डायऑक्साइड गेल्याने पीएच चढतो, बाष्पीभवनाने क्षार वाढतात, प्लास्टिकमधून काहीतरी उतरतं. चुलीवर गरम केलेल्या पाण्यातही हेच होईल. तो कंट्रोल दाखवा म्हटलं की बहुतेक दावे गप्प होतात.

१८. मायक्रोवेव्हमध्ये ट्रिप्सिनने (प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमने) होणारं पचन रात्रभराऐवजी काही मिनिटांत होतं. हा तर लहरीचाच फायदा ना?

वेळ खरंच वाचतो. पण रात्रभराचा प्रयोग ३७ अंशांना असतो आणि मायक्रोवेव्हमधला ५० ते ६० ला. त्या तापमानाला ट्रिप्सिन वेगाने चालतं, शिवाय कापायचं प्रथिन थोडं उलगडल्याने कापण्याच्या जागा उघड्या पडतात. साध्या हीटिंग ब्लॉकवर तेच तापमान धरलं तर निकाल जवळपास तोच येतो. वापरायला हरकत नाही, श्रेय उष्णतेला द्या. ६० च्या वर गेलात तर ट्रिप्सिन स्वतःच बसतं.

१९. ६० गिगाहर्ट्झ लहरी ऑक्सिजन शोषतो. मग त्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजन धरू देत नाहीत का?

६० गिगाहर्ट्झजवळचं शोषण मोकळ्या, वायुरूप ऑक्सिजन रेणूचं आहे: त्याचे अयुग्म इलेक्ट्रॉन आणि रेणूची स्वतःची गिरकी यांच्या जोडीतून ते येतं. हिमोग्लोबिनमधल्या लोहाला बांधलेला ऑक्सिजन तसा गिरक्या घेत नाही आणि त्याचे इलेक्ट्रॉनही वेगळे मांडले जातात, त्यामुळे ती रेषाच उरत नाही. दुसरं म्हणजे ही लहर त्वचेत मिलिमीटरहून कमी शिरते. तिथलं पाणी तिला आधीच संपवतं (प्रश्न ३).

२०. मग मोबाइलच्या लहरींनी शरीरातल्या प्रथिनांचं काय होतं?

आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या २०२० च्या सूचनांत सामान्य नागरिकांसाठी डोकं आणि धड यांची स्थानिक मर्यादा २ वॉट प्रति किलो आहे, १० ग्रॅम ऊती आणि ६ मिनिटांवर सरासरी काढून. ऊतीची विशिष्ट उष्णता ३५०० जूल धरा आणि रक्ताने काहीच थंड केलं नाही असं माना: सहा मिनिटांत ०.२ अंश. प्रत्यक्षात रक्तप्रवाह यातला बराच भाग वाहून नेतो, आणि शरीराचं तापमान दिवसभरात एरवीही अर्ध्या अंशाहून जास्त वर-खाली होत असतं. ६ गिगाहर्ट्झच्या वर मोजमाप बदलतं, कारण लहर आत न जाता त्वचेतच अडते. तिथे किलोमागे वॉट न मोजता चौरस मीटरमागे शोषलेली शक्ती मोजतात आणि सामान्य नागरिकांसाठी ती मर्यादा ४ चौरस सेंटिमीटरच्या सरासरीवर २० वॉट आहे.